विश्लेषण : दगडी शहर आफ्रिकेचे, श्रेय मात्र फिनिशियनांना! ‘ग्रेट झिम्बाब्वे’चा इतिहास कसा पळवला गेला?

आफ्रिकेच्या दक्षिण भागात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत एक दगडी शहर उभे आहे. चुना नाही, माती नाही, सिमेंट तर नाहीच. केवळ दगडावर दगड रचून उभारलेल्या ११ मीटर उंचीच्या भिंती सुमारे सहा-सात शतके टिकून आहेत. या शहराच्या नावावरून एका देशाने आपले नाव घेतले. त्याच शहरातील दगडी पक्षी त्या देशाच्या झेंड्यावर आहे. तरीही जवळपास शंभर वर्षे जगाला सांगितले गेले की, हे शहर स्थानिक कृष्णवर्णीयांनी बांधलेलेच नाही. असे का सांगितले गेले, ते खोटे कसे ठरले आणि त्यात कायमचे काय गमावले गेले, याविषयी…

ग्रेट झिम्बाब्वे नेमके कुठे आहे?

झिम्बाब्वे देशाच्या आग्नेय भागात मासविंगो हे शहर आहे. तेथून साधारण ३० किलोमीटरवर हे अवशेष आहेत. पूर्ण परिसर सातशे हेक्टरांहून मोठा आहे. त्याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला टेकडीवरचा. येथे नैसर्गिक ग्रॅनाईटच्या अजस्र शिळा आणि माणसाने रचलेल्या भिंती एकमेकांत इतक्या मिसळल्या आहेत की, निसर्ग कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होते, हे पटकन कळत नाही. दुसरा भाग टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या महाआवाराचा. त्याची बाहेरची भिंत जवळपास २५० मीटर परिघाची असून काही ठिकाणी पाच मीटरहून अधिक जाड आहे. आत सुमारे १० मीटर उंचीचा, वर निमुळता होत जाणारा भरीव मनोरा आहे. तिसरा भाग दरीतील लहान-मोठ्या आवारांचा.

‘झिम्बाब्वे’ हा शब्द शोना भाषेतला. ‘दगडाची घरे’ किंवा ‘आदरणीय घरे’ असे त्याचे दोन अर्थ सांगितले जातात. अशा प्रकारच्या दगडी वस्त्या झिम्बाब्वे, मोझांबिक, बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात शेकडोंच्या संख्येने आहेत. त्यांतील ही सर्वांत मोठी, म्हणून ‘ग्रेट’. युनेस्कोने १९८६ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

चुन्याशिवाय भिंती उभ्या कशा राहिल्या?

याचे उत्तर तिथल्या दगडात आहे. या भागातील ग्रॅनाईटच्या टेकड्या दिवसाच्या उन्हाने तापतात आणि रात्री थंड होतात. त्यामुळे खडकाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. हे पापुद्रे बऱ्यापैकी सारख्या जाडीचे असतात. आग पेटवून खडक तापवला आणि त्यावर पाणी ओतले, तर हीच क्रिया लवकर घडवता येते. मग या फरश्या फोडून विटेच्या आकाराचे चिरे पाडायचे आणि थरावर थर रचत जायचे. कोकणात शेताच्या किंवा परसाच्या कडेला दगडांचा गडगा घालतात, त्याच जातीची ही कोरडी बांधणी. मात्र उंची आणि सफाई यांत कुठल्या कुठे पोहोचलेली.

भिंती सरळ उभ्या नाहीत. वर जाताना त्या किंचित आतल्या बाजूला कलतात, त्यामुळे वजन तोलले जाते. पावसाचे पाणी साचून भिंत फुगू नये म्हणून तळाशी मोऱ्या ठेवलेल्या आहेत. महाआवाराच्या बाहेरील भिंतीच्या माथ्यावर नागमोडी नक्षीची पट्टी आहे. सुरुवातीच्या भिंती ओबडधोबड आहेत, नंतरच्या अधिकाधिक रेखीव होत गेल्या आहेत. म्हणजे हे कौशल्य बाहेरून आयते आलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच शिकत, चुकत, सुधारत ते वाढले आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आज आपल्याला फक्त दगड दिसतात, पण लोक दगडात राहत नव्हते. राहती घरे मातीची, गोल आणि गवताने शाकारलेली होती. दगडी भिंती या त्या घरांना घालणारी आवारे होती. माती विरघळून गेली, दगड उरले.

हे शहर कोणी आणि कधी वसवले?

आजच्या शोना भाषक समाजाच्या पूर्वजांनी. अकराव्या ते पंधराव्या शतकादरम्यान येथे मोठी वस्ती होती. त्याआधी लिम्पोपो नदीकाठी मापुंगुब्वे येथे असेच एक राज्य भरभराटीला आले होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस ते ओसरले आणि ग्रेट झिम्बाब्वेचे महत्त्व वाढले. चौदावे शतक हा या शहराचा वैभवाचा काळ मानला जातो.

संपत्तीचा पाया होता गुरे. मोठे कळप बाळगणाऱ्याकडे सत्ता असे. शेती, लोखंडकाम, सुतकताई हेही होतेच. कताईसाठी वापरल्या जाणाऱ्या चकत्या उत्खननात सापडल्या आहेत. त्यावर भर पडली ती सोन्याच्या आणि हस्तिदंताच्या व्यापाराची. पठारावरचे सोने सोफाला बंदरात जाई, तेथून किल्वा या बंदर-राज्यामार्फत हिंदी महासागरात. बदल्यात काचेचे मणी, कापड आणि चिनी मातीची भांडी येत. ग्रेट झिम्बाब्वेच्या दरीतील एका आवारात चिनी सेलाडॉन भांड्यांचे तुकडे, इराणी वाडगा, मणी, कवड्या, लोखंडी कुदळी आणि घंटा असा साठाच सापडला. किल्व्याचा सुलतान अल-हसन इब्न सुलेमान याच्या नावाचे एक नाणेही येथे मिळाले आहे. जगप्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये किल्व्याला गेला, तेव्हा हाच सुलतान गादीवर होता.

लोकसंख्येबाबत मतभेद आहेत. आधी १८ ते २० हजार लोक येथे राहत, असे मानले जाई. पुरातत्त्वज्ञ शाद्रेक चिरिकुरे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा आकडा १० हजारांच्या आतच असावा, असे मांडले. कारण आज दिसणारे सर्व भाग एकाच वेळी वसलेले नव्हते.

मग वाद कशाचा होता?

जर्मन प्रवासी कार्ल माउख सप्टेंबर १८७१ मध्ये येथे पोहोचला. त्याच्या आधी ॲडम रेंडर नावाचा शिकारी हे अवशेष पाहून आला होता. माउखने एका दाराच्या तुळईची ढलपी काढली. तिचा रंग आणि वास त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. पेन्सिल सीडरची, सीडर लेबनॉनचा, म्हणजे हे लाकूड फिनिशियनांनी आणलेले. म्हणजे हा शेबाच्या राणीचा महाल, असा निष्कर्ष त्याने काढून टाकला. प्रत्यक्षात ते लाकूड स्थानिक झाडाचे होते.

हा एका प्रवाशाचा भाबडेपणा म्हणून सोडून देता आला असता. पण १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने या भागाचा ताबा घेतला आणि ही कल्पना कंपनीच्या सोयीची ठरली. हे शहर प्राचीन काळी बाहेरून आलेल्या ‘प्रगत’ लोकांनी बांधले असेल, तर नव्याने येणारे गोरे वसाहतवादी हे घुसखोर ठरत नाहीत. ते जुन्या मालकांचे वारस ठरतात. उलट स्थानिकांचे पूर्वज हे बांधू शकत होते असे मान्य केले, तर ‘या लोकांना राज्य करता येत नाही’ हा वसाहतवादाचा मूळ दावाच कोसळतो. जमिनीवरचा हक्क इतिहासात अडकला होता, तो असा.

कंपनीच्या पाठबळावर थिओडोर बेंट यांनी १८९१ मध्ये उत्खनन केले. खोदकामात त्यांना स्थानिक वस्तूच मिळत होत्या. तरीही पुढच्या वर्षी आलेल्या पुस्तकात त्यांनी श्रेय दिले ते अरबस्तानातून किंवा फिनिशियातून आलेल्या प्राचीन लोकांना.

उत्खननाने पुरावे वाचले की संपले?

या कथेतील सर्वांत मोठे नुकसान येथे झाले. १८९५ मध्ये अवशेषांतून सोने शोधण्यासाठी चक्क एक कंपनी स्थापन झाली. देशभरातील अनेक दगडी वस्त्या तिने उकरल्या. सोन्याचे दागिने मिळाले की वितळवले जात. त्यावरची कलाकुसर, त्यांचा काळ, ते कोणाच्या कबरीत होते, ही सगळी माहिती मुशीत गेली.

ग्रेट झिम्बाब्वेवर १९०२ मध्ये रिचर्ड निकलिन हॉल यांची देखरेखीसाठी नेमणूक झाली. ते पत्रकार होते, पुरातत्त्वज्ञ नव्हे. वरच्या थरातील वस्ती ‘अलीकडच्या’ आफ्रिकी लोकांची आहे, त्याखाली ‘खरे’ प्राचीन शहर दडले आहे, अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी मातीचे अनेक फूट जाडीचे थर खणून बाहेर फेकून दिले. ज्याला त्यांनी घाण समजले, ती म्हणजे या शहराचा दप्तरखानाच होता. चुली, जमिनी, खापरे, हाडे, राख या थरांतूनच कोण, कधी, कसे राहत होते ते कळते. तेथे लिखित नोंदी नसल्याने तर त्याला पर्यायच नव्हता. दोन वर्षांनी हॉल यांना दूर करण्यात आले. पण फेकलेला थर परत रचता येत नाही. आज महाआवाराच्या आत नेमके काय चालत असे, यावर तज्ज्ञांचे एकमत होत नाही, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

खरे काय ते कोणी सिद्ध केले?

१९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर या प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाने येथे खोदकाम केले. मातीच्या घरांचे अवशेष, खापरे आणि हत्यारे स्थानिक आफ्रिकी लोकांच्या वापरातील आहेत आणि सोबतच्या आयात वस्तू मध्ययुगीन आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. वसाहतीत संताप उसळला. हॉल यांनी तर प्रत्युत्तरादाखल जाडजूड ग्रंथ लिहिला.

वाद मिटावा म्हणून १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांना पाठवण्यात आले. त्यांच्या मुख्य पथकात तिघीही स्त्रियाच होत्या. त्यांपैकी कॅथलीन केन्यन पुढे जेरिको येथील उत्खननामुळे जगप्रसिद्ध झाल्या. केटन-थॉम्पसन यांनी आधी कोणी हात न लावलेली जागा निवडली, थराथराने खणले आणि प्रत्येक वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद ठेवली. आत काही गुप्त दालन आहे का हे पाहण्यासाठी त्या निमुळत्या मनोऱ्याखालून बोगदाही खणला. काही निघाले नाही. बांधकाम आफ्रिकी आणि काळ मध्ययुगीन, हाच निष्कर्ष पक्का झाला. पुढे कार्बन कालमापनानेही त्याला दुजोरा दिला.

तरीही खोटे टिकले कसे?

कारण प्रश्न पुराव्याचा नव्हताच. १९६५ मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. कृष्णवर्णीय राष्ट्रवादी पक्षांनी तोवर ‘झिम्बाब्वे’ हे नाव आपल्या पक्षांच्या नावांत घेतले होते. त्यामुळे या भिंती कोणी बांधल्या, हा प्रश्न थेट देश कोणाचा या प्रश्नाशी जोडला गेला. मार्गदर्शक पुस्तिका आणि माहितीपत्रकांत आफ्रिकी निर्मितीचा ठाम उल्लेख नको, ‘अनेक मते आहेत’ असे लिहा, असा दबाव वाढला. सिद्ध झालेल्या गोष्टीला ‘वादग्रस्त’ ठरवणे ही युक्ती आजच्या वाचकालाही अनोळखी वाटणार नाही. पुरातन वास्तूंचे निरीक्षक असलेले पीटर गार्लेक यांनी हे मान्य केले नाही. १९७० मध्ये त्यांनी देश सोडला आणि १९७३ मध्ये ग्रेट झिम्बाब्वेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही महत्त्वाचा मानला जातो.

विरोधाभास असा की, त्याच सरकारने १९६८ मध्ये स्वीकारलेल्या झेंड्यावरही ग्रेट झिम्बाब्वेचा पक्षी होता. पक्षी हवा होता. तो कोरणाऱ्याचे नाव नको होते.

दगडी पक्ष्यांची गोष्ट काय?

टेकडीवर आणि दरीत शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरलेले आठ पक्षी मिळाले. उंच खांबावर बसलेला, गरुडासारखा पण पायाला माणसासारखी बोटे असलेला हा पक्षी पूर्वजांचा संदेश पोहोचवणारा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. १८८९ मध्ये विली पोसेल्ट या शिकाऱ्याने एक पक्षी उचलला आणि तो ऱ्होड्सकडे पोहोचला. ऱ्होड्सला त्याचे इतके वेड लागले की, केप टाऊनमधील त्याच्या बंगल्यात जिन्याच्या कठड्यावरही लाकडी प्रतिकृती बसवल्या गेल्या. इतर काही पक्षी केप टाऊनच्या संग्रहालयात गेले.

१८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याचे नाव झिम्बाब्वे ठेवले गेले. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील संग्रहालयाने आपल्याकडील पक्षी परत केले, पण फुकट नाही. बदल्यात मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्या वर्गातील कीटकांचा मोठा संग्रह घेतला. एका पक्ष्याच्या खांबाचा तुकडा बर्लिनच्या संग्रहालयात गेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सोव्हिएत फौजांनी लेनिनग्राडला नेला, नंतर जर्मनीत परतला आणि २००३ मध्ये झिम्बाब्वेकडे आला. ऱ्होड्सच्या बंगल्यातील पक्षी मात्र स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके केप टाऊनमध्येच राहिला.

महाराष्ट्र-गोव्याशी काही संबंध?

आहे, समुद्रामार्गे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या काही काचेच्या मण्यांची रासायनिक घडण रायगड जिल्ह्यातील चौल येथे मिळालेल्या मण्यांशी जुळते, असे आढळले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे या संशोधनात सहभागी होते. हे मणी ग्रेट झिम्बाब्वेच्या ऐन वैभवकाळातील आहेत असा याचा अर्थ नाही. पण कोकणची बंदरे आणि आफ्रिकेचा किनारा एकाच व्यापारजाळ्यात होते, हे त्यातून दिसते.

गोव्याचा धागा पोर्तुगीजांचा. त्यांनी १५०५ मध्ये सोफाला येथे किल्ला उभारला. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातील व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. जुआंव द बार्रुश या पोर्तुगीज इतिहासकाराने सोळाव्या शतकाच्या मध्यास ‘सिंबाओए’ नावाच्या, चुन्याशिवाय बांधलेल्या दगडी वास्तूची ऐकीव माहिती नोंदवली. गोव्यातील जेझुइटांचे प्रमुख राहिलेले गोन्सालो द सिल्व्हेरा झांबेझी खोऱ्यातील मुतापा राजाच्या दरबारी गेले आणि १५६१ मध्ये तेथेच मारले गेले. मुतापा हे ग्रेट झिम्बाब्वेनंतर उत्तरेकडे उदयाला आलेले राज्य.

शहर ओस का पडले?

एकच कारण सांगता येत नाही. पंधराव्या शतकात सोन्याचा व्यापार उत्तरेकडे झांबेझीच्या दिशेने सरकला. एवढ्या लोकांना आणि गुरांना पुरेल इतके सरपण, चराई आणि कसदार जमीन जवळपास उरली नसावी. सत्तेचे केंद्र उत्तरेला मुतापाकडे आणि पश्चिमेला खामीकडे गेले. पाणीटंचाईचेही कारण दिले जाते. मात्र इनोसंट पिकिराई आणि सहकाऱ्यांच्या २०२२ मधील अभ्यासाने वेगळी बाजू पुढे आणली. परिसरातील मोठे खड्डे केवळ घरांसाठी माती काढल्यामुळे पडले, असा समज होता. त्यांत पावसाचे आणि झऱ्याचे पाणी साठवले जात असे, असे हा अभ्यास सांगतो. म्हणजे कोरड्या हंगामाची तजवीज शहराकडे होती. शिवाय शहर एका दिवसात ओस पडले नाही. वैभव ओसरल्यावरही तेथे लोक राहत आणि पूजाविधी करीत होते.

आज प्रश्न कोणते आहेत?

पहिला प्रश्न जतनाचा. कोरड्या भिंती फुगतात, सरकतात, ढासळतात. झाडांची मुळे, पाणी, जनावरे आणि पर्यटकांची पावले यांचा परिणाम होतो. आपल्याकडे घाणेरी किंवा टणटणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झुडपाने तिथेही आक्रमण केले आहे. ढासळलेला भाग पुन्हा रचायचा, तर दगड ओळखून त्याच जागी बसवणारे गवंडी हवेत.

दुसरा प्रश्न मालकीचा. वसाहतकाळात आसपासच्या न्येमान्वा, मुगाबे, चारुम्बिरा या कुळांना येथून हटवले गेले. त्यांच्यासाठी ही जागा पूर्वजांचे देवस्थान आहे. स्वातंत्र्य आले, पण कुंपण आणि तिकीट खिडकी कायम राहिली. झिम्बाब्वेचेच वारसातज्ज्ञ वेबर न्डोरो यांनी हा पेच नेमका पकडला : सरकारसाठी जे स्मारक, ते शेजारच्या गावासाठी देऊळ आहे. अलीकडे स्थानिकांना जतनकार्यात आणि विधींमध्ये सामावून घेण्याचे प्रयत्न होत आहेत. पण यांतील कोणत्या कुळाचा हक्क पहिला, यावर त्यांच्यातच एकमत नाही.

तिसरा प्रश्न संशोधनाचा. शंभर वर्षे ‘कोणी बांधले’ यातच गेली. लोक कसे राहत, काय खात, राजा आणि प्रजा यांचे नाते काय होते, हे विचारायला त्यामुळे उशीर झाला. आता ते प्रश्न चिरिकुरे आणि पिकिराई यांच्यासारखे झिम्बाब्वेचे अभ्यासक विचारत आहेत. हॉल यांनी जे फेकून दिले ते परत मिळणार नाही. पण परिसराचा मोठा भाग अद्याप खणलेला नाही आणि तिथे फावडे मारण्यापूर्वी काय नोंदवायचे, हे आता माहीत आहे.